तिसरा खण

मराठीत खण या शब्दाचा संसार मोठा आहे. वाड्याची लांबीरुंदी सांगावयाची ती खणांनी, सुवासिनीची ओटी भरावयाची ती खणानारळाने, आणि टेबलाला किंवा कपाटाला ओढून उघडावयाची जी लाकडी पेटी असते तिचेही नाव खणच. आम्ही बडोदेकर मंडळी मात्र या शेवटच्या खणाला दोनतीन पिढ्यांपासून 'खाना' म्हणत आलो आहोत. शेजारच्या गुजराती घरातले 'खानुं' आमच्या घरात केव्हा शिरले आणि मराठी कपडे घालून केव्हा बसले, ते कोणास कळले नाही. पेचकसाला आम्ही डिसमिस म्हणतो, तेव्हा पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे पाहतात. पाहोत बापडे. त्यांच्या घरी स्क्रू पिळावयाची वेळ आली म्हणजे तेही सुताराला बोलावतात, तेव्हा हत्याराच्या नावावरून कोणी कोणास हसण्याचे कारण नाही.

आज लिहावयाचे आहे ते या खणाच्या दर्शनी फळीविषयी, म्हणजे जिला कडी असते आणि जी आपण रोज ओढतो त्या फळीविषयी. ती सुटली तर घरच्या घरी कशी बसवावी, एवढाच विषय. क्षुल्लक म्हणाल तर आहे. पण बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीस ज्या जुन्या घरांत अजून सागवानी सामान शिल्लक आहे, तेथे हा प्रश्न आज ना उद्या निघणारच. आणि तो निघाला की टेबल राहणार की जाणार, हा दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. आमच्याकडे तसेच झाले.

टेबल माझ्या आजेसासऱ्यांचे. ते संस्थानच्या नोकरीत, वहिवाटदार कचेरीत कारकून होते. वहिवाटदार म्हणजे इतरत्र ज्यास मामलेदार म्हणतात तो. नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागतो. टेबल सागाचे, वरची फळी एकसंध, उजव्या हातास एकाखाली एक असे तीन खण, पितळी कड्या. घरात अशी आख्यायिका आहे की, ते कलाभवनातल्या सुतारशाळेत तयार झाले. आख्यायिकेला पुरावा काही नाही. बडोद्यात ज्या ज्या घरी एखादे चांगले टेबल आहे, त्या त्या घरी ते कलाभवनचेच असते, हे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिले आहे. तथापि अशी आख्यायिका उगाच जन्मास येत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते हातास काम आणि कामास शास्त्र मिळावे म्हणून. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे पंडित, पण घराणे सुरतेच्या सुतारांचे. ज्या माणसाच्या घरात पिढ्यान् पिढ्या गज आणि रंधा होता, त्याच्या हाती अशी संस्था द्यावी, हे महाराजांचे धोरण मला नेहमी मोठे शहाणपणाचे वाटत आले आहे. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हे सर्वांस ठाऊक असते. तेथे सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम शिकून पोटास लागलेल्या शेकडो मुलांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. १९४९ साली संस्थान विलीन झाले, त्याच साली विद्यापीठ उभे राहिले आणि कलाभवन त्याच्या पोटात गेले. आजही ती इमारत आहे आणि लोक तिला कलाभवनच म्हणतात.

तर टेबल. आजेसासऱ्यांनंतर ते सासऱ्यांकडे आले, सासऱ्यांनंतर आमच्या ह्यांच्याकडे. जुन्या शहरातला वाडा विकला तेव्हा वाटणीत भांडीकुंडी गेली, झोपाळा गेला, संखेड्याच्या रंगीत खुर्च्या धाकट्या दिरांकडे गेल्या. ह्यांनी मागितले ते हे टेबल. वरच्या खणात विजेची आणि घरपट्टीची बिले, मधल्यात कागद-टाचण्या, आणि तिसरा, खालचा खण ह्यांचा खासगी. त्यात चष्म्याचे जुने घर, दोन मोडकी फाउंटनपेने, एक बाबाशाही रुपया आणि औषधांच्या चिठ्ठ्या. २०१९ साली हे गेले. खण तसाच राहिला. मी तो उघडत असे, पुसत असे आणि लावत असे.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, गोकुळाष्टमीच्या त्या दोनतीन दिवसांत, विश्वामित्रीचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले. वर्तमानपत्रांतून मगरींची छायाचित्रे पुष्कळ आली. मगर पाहिली की लोकांस पूर आल्यासारखा वाटतो. आमच्या घरात मगर आली नाही, गुडघाभर पाणी मात्र आले आणि ते दोन दिवस राहिले. धाकटे दीर आणि जाऊबाई त्या वेळी माझ्याकडेच होते. आम्ही तिघांनी मिळून देव, धान्य आणि गाद्या माळ्यावर चढवल्या. टेबल कोण उचलणार? ते जागीच राहिले. वरचे दोन खण कोरडे राहिले. तिसरा पाण्यात बुडाला. आतल्या वस्तू मी आधी काढून घेतल्या होत्या, म्हणून वाचल्या.

पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत जे दिसले ते विसरावयाचे नाही. प्रत्येक फाटकाबाहेर सामानाचा ढीग. त्यात भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे होती. ती पाण्यात भिजून पावासारखी फुगली होती आणि हात लावला की चुरा होत होती. काही ठिकाणी सागवानी वस्तूही बाहेर टाकलेल्या होत्या. त्या फुगल्या नव्हत्या, नुसत्या सांध्यांतून सुटल्या होत्या. पण चिखलात दोन्हींचा रंग एकच. म्युनिसिपालिटीच्या गाडीने दोन्ही सारख्याच तत्परतेने उचलून नेल्या. कोणास दोष द्यावा? ज्याच्या घरात चिखल आहे त्याने लाकडाची जात पाहत बसावे, अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

आमचे टेबल बाहेर गेले नाही, पण जाणार होते. मुलगा परगावाहून फोनवर म्हणाला, "आई, ते टेबल जाऊ दे आता. मी नवं पाठवतो, हलकं, घडीचं." जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तुमचा जीव आहे त्याच्यात, कळतं मला. पण ज्याचा खण हातात येतो ते टेबल ठेवून करायचं काय?" प्रश्न रास्त होता. तिसऱ्या खणाची दर्शनी फळी एका बाजूने सुटून तिरपी लोंबत होती. मी एवढेच म्हटले की, फळी बसली तर टेबल राहील, न बसली तर मी हट्ट धरणार नाही. दोघांनीही हे कबूल केले. बसणार नाही, अशी त्यांची खात्री असावी.

पहिली गोष्ट केली ती ही की, काहीच केले नाही. भिजलेले लाकूड उन्हात टाकू नये. वरून ते झपाट्याने वाळते, आत ओले राहते, आणि मग वाकते किंवा चिरते. मी खण बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर, दोन विटांवर उभा केला आणि दिवाळी जाऊ दिली, संक्रांतही जाऊ दिली. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. आडवे, म्हणजे रेषांच्या आडव्या अंगाने, ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. फुगलेल्या अवस्थेत सांधा जोडला तर वैशाखात तो पुन्हा खुळखुळणार. म्हणून थंडी संपत आल्यावर हात लावला.

खणाची रचना एकदा समजून घेतली की पुढचे सोपे जाते. चार फळ्या आणि एक तळ. जुन्या चांगल्या कामात बाजूच्या फळीच्या टोकाला पंख्यासारखे रुंदावत गेलेले दात कापलेले असतात, आणि दर्शनी फळीच्या कडेस आतून तशाच खाचा. सुतार त्यास डव्हटेल म्हणतात. पारव्याची शेपटी डोळ्यांपुढे आणावी. दातांचा आकारच असा की, कडी धरून कितीही ओढा, फळी पुढे निघून येत नाही. ती सुटते ती बाजूची फळी बाहेरच्या अंगास फाकली म्हणजे. आणि फाकते केव्हा? आतला सरस मेला म्हणजे, किंवा पावसाळ्यात खण अडकला असता आपण एकच कडी धरून त्यास तिरपा हिसका दिला म्हणजे. तळाची पातळ फळी खाचेत नुसती सरकवलेली असते, तिला कधीही चिकटवलेले नसते. तिला फुगावयास जागा हवी म्हणून. मागच्या बाजूस एखादा खिळा, बस्स.

आमच्या खणाच्या सुटलेल्या सांध्यात याखेरीज दोन लोखंडी खिळे होते, बाजूच्या फळीतून आरपार ठोकलेले. ओळखीचे मिस्त्री पाहावयास आले, त्यांनी खण उलटा करून, बोटाने खिळ्यांभोवतीचा काळा डाग चाचपला आणि विचारले, "बेन, आ खीली कोणे मारी?" मी उत्तर दिले नाही. खिळे ह्यांनी मारले होते, फार वर्षांपूर्वी एका रविवारी, आणि मारून झाल्यावर मोठ्या अभिमानाने मला हाक मारली होती. लोखंड आणि ओल मिळाली की सागात असा काळा डाग उतरतो, आणि खिळ्याने दात चिरतो. मग सांधा खिळ्यावर लटकतो, दातांवर नव्हे. मिस्त्रींनी कोपऱ्यात नखाने जुना सरस खरवडून पाहिला, तो काचेसारखा तडकला. "आ फेंकवानुं नथी," ते म्हणाले. मजुरी मात्र त्यांनी घेतली नाही, आणि काम करण्यास वेळही नाही म्हणाले. पुरानंतर त्यांच्याकडे नव्या स्वयंपाकघरांची कामे रांगेत उभी होती. कसे करावयाचे ते सांगून गेले. ते बोलत असता मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतले.

आता सरसाविषयी. हल्ली सर्वत्र पांढरा डिंक वापरतात. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आले, त्यापूर्वी सुताराच्या शेगडीवर सरसाची वाटी असावयाचीच, आणि तिचा वास लहानपणी ज्यांनी घेतला आहे त्यांस तो अजून आठवत असेल. पांढरा डिंक उत्तम आहे, थंडच लावता येतो, नवीन कामास मी तोच घेईन. परंतु तो कोऱ्या लाकडास धरतो. जुन्या सरसाच्या थरावर ओतला तर वरवर वाळतो आणि महिन्याभरात फळी पुन्हा हातात देतो. शिवाय एकदा पक्का झाला की सांधा सहजासहजी उलगडत नाही. सरसाचे उलट आहे. गरम पाण्याने तो सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा गरम सरस लावला तर दोन्ही विरघळून एक होतात. पुराच्या पाण्याने आमचा खण सोडवला तो याच गुणामुळे. पांढऱ्या डिंकाने घट्ट धरले असते तर फुगणाऱ्या लाकडाने कदाचित दातच मोडून घेतले असते. म्हणून मी सरसच घ्यावयाचे ठरवले. जुन्या शहरात एका दुकानात दाणेदार सरस मिळाला; दुकानदाराने पतंगाच्या मांज्यासाठी का, म्हणून विचारले.

घरात यावर थोडे राजकारण झाले. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याहाडांचा अर्क. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, श्रावण नसला म्हणून काय झालं, हा माझ्या ओट्यावर नको हं." ओटा वास्तविक माझा, पण त्यांचे म्हणणे मी मानले आणि विजेची शेगडी गच्चीवर नेली. रात्री दाणे दुप्पट थंड पाण्यात भिजत घातले. सकाळी ते फुगून साबुदाण्यासारखे झाले होते. ही वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावयाची, थेट आचेवर कधीही नाही. पाण्यास वाफ यावी, उकळी येऊ नये. उकळला की सरसाचा जोर जातो.

त्याआधीचे काम अधिक वेळाचे होते. मागचा खिळा काढून तळाची फळी सरकवून बाहेर काढली. ह्यांचे दोन खिळे पकडीने, खाली पातळ फळीचा तुकडा देऊन, डोलावत डोलावत उपटले. ते टाकले नाहीत. मग बाजूच्या फळीस आतून बाहेरच्या अंगास, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून, हलके ठोके देत सांधा पूर्ण उलगडला. येथे हातोडी थेट मारू नये. जुन्या सरसावर गरम पाण्याची चिंधी पाच-सात मिनिटे ठेवली की तो मऊ होतो. मग बोथट सुरीने आणि दातांच्या ब्रशाने काढावा. धारदार पटाशी घेऊ नका, सरसाबरोबर दातही तासला जातो आणि सांधा कायमचा सैल होतो. दोन दिवस वाळू दिले. चिकटवण्याच्या अगोदर सांधा स्पिरिटच्या फडक्याने पुसला, कारण सागात मूळचेच तेल असते.

फळी पुसताना आतल्या अंगास शिसपेन्सिलीची खूण दिसली. दर्शनी फळीच्या कडेला आणि बाजूच्या फळीच्या कडेला, समोरासमोर, तोच एक आकडा: तीन. कोणती फळी कोणाशी जुळते ते विसरू नये म्हणून सुतार असे आकडे घालतात. पाण्यात दोन दिवस राहूनही शिसे गेले नव्हते. मी पुष्कळ वेळ पाहत बसले. लिहिणारा मराठी की गुजराती, ते मात्र कळेना. एक, दोन, तीन हे आकडे दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखेच. टेबलाला पाच खण असते तर उलगडा झाला असता. कलाभवनचा शिक्का वगैरे काही सापडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. दीरांनी मुद्दाम बॅटरी घेऊन शोधला.

चिरलेल्या दातात आणि खिळ्यांच्या भोकांत सागाच्या पातळ काड्या सरस लावून बसवल्या. भुसा आणि डिंक कालवून भरण्याची पुष्कळांस सवय असते; ते दिसावयासही वाईट आणि त्यास जोरही नाही. नंतर सर्व एकदा कोरडेच जोडून पाहिले. हे अवश्य करावे, कारण गरम सरस थंड होताच धरू लागतो आणि दोनतीन मिनिटांच्या वर विचार करू देत नाही. शिकंजे आमच्याकडे नाहीत. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे खणाभोवती सुतळीचे दोन वेढे घेतले, कोपऱ्यांत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या (याच वर्तमानपत्राच्या, संपादकांनी क्षमा करावी), वेढ्यात उलथन्याचा दांडा अडकवून पीळ दिला. जाऊबाई न सांगता गच्चीवर आल्या होत्या. वास येत असल्याचे त्या म्हणाल्या आणि पिळाचा दांडा धरून उभ्या राहिल्या. मी दोरीने दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे भरले तरच खण काटकोनात असतो. आमचा एक कर्ण बोटभर जास्त होता, तो कोपऱ्यावर तळव्याने दाबून सारखा केला. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने तेव्हाच पुसला. मग एक रात्र आणि एक दिवस कोणी हात लावावयाचा नाही, असे ठरले, आणि तो नियम मोडण्याचा मोह मलाच सर्वांत अधिक झाला.

दुसऱ्या दिवशी सुतळी सोडली. तळाची फळी पुन्हा सरकवली, न चिकटवता, मागे एक छोटा स्क्रू देऊन. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पट्ट्यांस आणि बाजूंच्या खालच्या कडांस मेणबत्ती घासली. तेल लावू नये, धूळ धरते. साबणही नको, तो ओल ओढतो. पावसाळ्यात खण थोडा जड झाला तर लगेच रंधा मारावयास धावू नये, दोन्ही कड्या धरून सरळ ओढावा आणि दसऱ्यापर्यंत धीर धरावा. तेव्हा रंधलेले लाकूड उन्हाळ्यात परत मिळत नाही.

काळे डाग गेले नाहीत. ते काढण्याची औषधे असतात, पण मी आणली नाहीत.

मुलाला छायाचित्र पाठवले. त्याने फोन करून पहिला प्रश्न विचारला तो, "किती घेतले मिस्त्रीनं?" मी सांगितले, सरसाचे आणि सुतळीचे मिळून दोनशे रुपयांच्या आत. घडीच्या टेबलाचा विषय त्यानंतर निघाला नाही. जाऊबाईंनी परवा विचारले की, त्यांच्याकडे गेलेल्या एका संखेड्याच्या खुर्चीचा पाय हलतो, तो सरसाने धरेल का. खुर्चीच्या पायाचा सांधा गोल असतो, त्याचे गणित थोडे निराळे. खुर्ची घेऊन या म्हटले आहे. चष्म्याचे घर, पेने आणि बाबाशाही रुपया तिसऱ्या खणात परत गेले. औषधांच्या चिठ्ठ्या मी बाहेर काढल्या, आणि त्यांच्या जागी उरलेल्या सरसाची बाटली आणि डिसमिस ठेवले आहे.